दाराले लावलेलं बोलावणं

ही गोष्ट खरी आहे.

मी गोष्टीले तिखटमीठ लावते, हे आमच्या घरात लहान पोट्ट्यायलेही माहीत आहे. मांजरीचा वाघ केला मी आजपर्यंत. कबूल. पण ह्या गोष्टीत माझ्या पदरचं काहीच नाही. उलट दोन गोष्टी गाळून सांगून राहिली, कारण त्या सांगितल्या तं तुम्ही म्हणसान, म्हातारी झाली सुरू.

आणि ही रात्रीची गोष्ट नाही. ते रात्रीच येतात असं तुमाले कोणी सांगितलं?

एकोणीस जानेवारी, दोन हजार पंचवीस. रविवार. दुपारचे अडीच. बाहेर चांगलं लख्ख ऊन होतं.

जागा अकोला आणि मूर्तिजापूरच्या मधात. हायवेवरून आत गेलं की एक खेडं लागते. नाव विचारू नका. तिथं लोक अजूनही जाऊन राहिले.

माझी लहान बहीण दुर्गाबाई अमरावतीले राहते. तिचा पोरगा योगेश, सून रागिणी, नात दामिनी. घरचा फुलांचा धंदा. वलगावच्या मळ्यातून झेंडू-शेवंती आणायची आणि पहाटे बाजारात उतरवायची. दामिनी लग्नानंतर आठ वर्षांनी झालेली. तेव्हा सहा वर्षांची होती. रागिणीचा सारा जीव त्या पोरीत. गर्दी असो नसो, पोरीचं बोट काही ती सोडत नाही.

बाकी घरात सासू-सुनेचं जे असते ते होतंच. पण त्या वर्षी जरा जास्तच होतं.

झालं काय, की त्याच्या आदल्या संक्रांतीले रागिणीनं हळदीकुंकू केलं. मोठ्या हौसेनं चाळीस वाणं आणली. बाया आल्या सात.

"तुह्या बोलावण्याले कोण येईन? तोंड पाहून येतात बाया," दुर्गा म्हणाली.

"नळावर अख्ख्या गल्लीशी भांडण कोणी केलं होतं, आई? मी?"

तवापासून ते 'सात' घरात वर्षभर फिरत राहिले. भाजीत मीठ कमी पडलं की सात. पोरीले ताप आला की सात. योगेश बिचारा दोघींच्या मधात. शेवटी म्हणाला, "रविवारी चला फिराले. अकोल्याचा किल्ला पाहू, येता येता ते जुन्या वस्तूंचं संग्रहालय पाहू. सगळ्यायचं डोकं थंड होईन."

भाऊजी, म्हणजे दुर्गाचे मालक खुशालराव, गुडघ्याचं निमित्त करून घरीच राहिले. शहाणा माणूस.

आता एक सांगणं जरुरीचं आहे. पुढच्याच शुक्रवारी रागिणीनं पुन्हा हळदीकुंकू ठेवलं होतं. जिद्दच होती तिची. त्या रविवारी सकाळी निघायच्या आधी ती गल्लीत बोलावणं करत फिरली. सुट्टीचा दिवस, अर्ध्या घरांले कुलूप. आमच्याकडं घरी कोणी नसलं तं दाराच्या चौकटीले हळदीकुंकवाचं बोट लावून येतात. शेजारीण सांगतेच कोणाचं ते. एकदा बोट लागलं की बोलावणं पोहोचलं. मग त्या घरच्या बाईनं यायलाच पाहिजे.

तो हळदीकुंकवाचा करंडा रागिणीच्या पर्समध्ये तसाच राहिला.

किल्ला पाहून झाला. भेळ खाऊन झाली. फुलांच्या ओम्नीत बसून, झेंडूच्या पाकळ्या अंगाले लावून हे चौघं त्या खेड्यात पोहोचले.

संग्रहालय म्हणजे काय, तर कापसाच्या जुन्या जिनिंगचं एक लांबच लांब टिनाचं गोदाम. गोवर्धन गुरुजी नावाचे रिटायर मास्तर. त्यायनं खेडोपाडी फिरून जमवलेल्या वस्तू. जाती, उखळं, बंडीची चाकं, पाणी भरायचे पितळेचे गुंड, लाकडी पाळणे.

दुर्गा एका गुंडापाशी थांबली. "गुरुजी, हा तं माह्या घरी अजून वापरात हाये. मग मलेही ठेवा इथंच."

"ठेवा ना गुरुजी," रागिणी हळूच म्हणाली.

योगेश हसला. दुर्गानं ऐकलं, पण ऐकलं नाही असं केलं. हे 'नाही ऐकलं' म्हणजे पुढं काहीतरी येणार, हे मले घरी बसूनही सांगता आलं असतं.

गोदामाच्या टोकाले एक वेगळी खोली होती.

आत एकच वस्तू.

एक दार.

भिंत नाही, घर नाही. खोलीच्या मधोमध नुसती सागाची चौकट उभी, तिच्यात दोन फळ्या. वर लोखंडी साखळी. आणि साखळीले... कुलूप.

गुरुजी म्हणाले, "धरणात गेलेल्या एका गावातलं आहे. उन्हाळ्यात पाणी आटलं तेव्हा गाळात उभंच सापडलं. भिंती सगळ्या विरघळून गेल्या होत्या. कुलूप मात्र तसंच. चावी काही मिळाली नाही."

दुर्गानं कुलपाकडं पाहिलं. "गुरुजी, गाव पाण्यात जाऊन राहिलं. लोकायनं सामान काढून नेलं असन. मग जाता जाता रिकाम्या घराले कुलूप कोण लावते? अन् कायले?"

गुरुजी चष्मा पुसायले लागले.

"हात लावू नका फक्त," म्हणाले, आणि बाहेर गेले.

खोलीत दोघी आणि पोरगी. जरा थंड होतं तिथं. वर टिन तापलेलं, आणि खोलीत गारवा.

दुर्गाले बोलायची हीच वेळ सापडली. "यंदा किती येतील व? सात तरी येतील का?"

रागिणीनं पर्स उघडली. करंडा काढला. हळदीत बोट बुडवलं, मग कुंकवात. आणि त्या चौकटीले दोन ठसठशीत बोटं ओढली.

"घ्या. हे एक घर वाढलं. ही तरी येईन."

"अवो, हे काय केलं तू," दुर्गा म्हणाली. आवाज एकदम उतरला तिचा.

तेवढ्यात दामिनी आईचं बोट सोडून दारापाशी गेली. दोन फळ्यांच्या फटीले डोळा लावला.

"मम्मी... आत कोण बसली हाये?"

रागिणी चौकटीले वळसा घालून पलीकडं गेली. पलीकडं काय असणार? दाराची मागची बाजू. रिकामी जमीन.

"कोणी नाही बाळा. बाबा दिसले असतील."

"बाबा नाही. बाई हाये. पाय पोटाशी घेऊन बसली."

रागिणीनं पोरीले उचललं आणि बाहेर आली.

योगेश फाटकापाशी चहा पिऊन राहिला होता. अर्धा तास झाला, म्हणे, इथंच आहे.

गाडीत रागिणीनं पोरीचं बोट सोडलं नाही. बडनेरा आलं तरी नाही.

सोमवारी दुपारी तीन वाजता रागिणी ताट वाढून बसली होती. भाऊजी झोपलेले. दुर्गा मंदिरात. अन्...

खळ्ळ.

साखळी वाजली. दारावर साखळी आपटावी तशी.

"आले," म्हणत ती उठली. दार उघडलं. बाहेर कोणी नव्हतं. गल्लीत कुत्रंसुद्धा नव्हतं.

दार लावलं आणि मग तिच्या ध्यानात आलं.

त्यायच्या दाराले साखळी नाही. बेल आहे.

मंगळवारी तीन वाजता पुन्हा. बुधवारी पुन्हा. बुधवारी पायरीवर ओलं होतं. पाणी सांडल्यासारखं नाही. दोन पावलं. शेजारी शेजारी, दाराकडं तोंड करून.

गुरुवारी साखळी वाजली नाही. रागिणीले हायसं वाटलं. शाळेतून आलेल्या दामिनीचे बूट काढता काढता तिनं सहज विचारलं, "आज काय केलं शाळेत?"

"काही नाही. ती बाई भेटली. फाटकापाशी."

"कोणती?"

"दारातली. विचारून राहिली होती, कधी यायचं."

रागिणीचे हात तिथंच थांबले.

"मग?"

"मी सांगितलं, उद्या."

रागिणीनं रात्री योगेशले सांगितलं. योगेश म्हणाला, पोरीनं कार्टून पाहिलं असन. सासूले सांगितलं. सासू पहिल्यांदा तिले काहीच बोलली नाही. नुसती देवापाशी जाऊन बसली. त्यानं रागिणी जास्त भ्याली.

हळदीकुंकू मोडता येत नव्हतं. बोलावणं झालं होतं. गल्लीभर.

शुक्रवारी पाच वाजता बाया यायले लागल्या. आणि काय सांगू तुमाले, दहा आल्या, वीस आल्या, पंचवीस आल्या. ज्या मागच्या वर्षी रुसल्या होत्या त्याही आल्या. हॉलमध्ये सतरंजीवर जागा पुरेना. हसणं, खिदळणं, साड्यायचे रंग. शेजारची रूपाली अत्तर लावून राहिली होती, सुभद्रा गुलाबपाणी शिंपडून राहिली होती. दुर्गा बोरं अन् हरभरे वाटून राहिली होती आणि चक्क हसून राहिली होती. रागिणी चार दिवसांचं सारं विसरली.

ती हळदीकुंकवाचं ताट घेऊन ओळीनं निघाली. वाकायचं, हळद लावायची, कुंकू लावायचं, पुढं सरकायचं. गर्दीत कोण तोंड पाहते? कपाळ दिसलं की बोट लावायचं.

एक कपाळ. दुसरं. तिसरं.

भिंतीपाशी कोपऱ्यात एक कपाळ होतं. तिनं बोट टेकवलं. अन्...

बर्फासारखं गार.

बोट निघालं ते ओलं निघालं. हळद वाहून गेलेली. बोटाले काळी माती.

गाळाचा वास आला. आटलेल्या तळ्याचा येतो तसा.

रागिणीनं मान वर केली.

समोर कोणी नव्हतं. दोन बायायच्या मधात एका बाईपुरती जागा. तेवढी सतरंजी भिजून गेलेली.

"इथं कोण बसलं होतं?"

रूपाली म्हणाली, "तुमच्याच पाहुण्या ना वहिनी? जुन्या लुगड्यावाल्या. आमाले वाटलं, काकूच्या माहेरच्या असतील. काही बोलतच नव्हत्या."

"चेहरा कसा होता?"

रूपालीनं सुभद्राकडं पाहिलं. सुभद्रानं रूपालीकडं. दोघींलेही आठवेना.

आणि मग रागिणीनं हॉलभर नजर फिरवली.

दामिनी नव्हती.

ताट हातातून सुटलं. स्वयंपाकघरात नाही. आतल्या खोलीत नाही. गच्चीवर नाही. ती अनवाणी दाराकडं पळाली.

पोरगी पायरीवर बसली होती. गल्लीकडं तोंड करून. एकटी.

"दामू..."

दामिनी वळली. कपाळावर कुंकू होतं. रागिणीनं लावलेलं लाल नव्हे. काळपट, ओलं, जुनं. आणि फ्रॉकच्या ओटीत मूठभर ज्वारी. भिजलेली. मोड आलेली.

"मम्मी, तिनं माही ओटी भरली. म्हणे, आता तू ये माह्या घरी."

रागिणीनं ती ज्वारी नालीत टाकली. पोरीचं कपाळ साबणानं घासलं, तं कुंकू निघेना. खोबऱ्याचं तेल लावून लावून निघालं.

शनिवारी दुपारी तीन वाजता तिनं दार उघडलं. बाहेरून चौकटीले दोन बोटं लावलेली होती. हळदीचं एक, कुंकवाचं एक.

चौकटीले बोट लावते ते बाई आपल्या खांद्याच्या उंचीवर लावते. हे खाली होतं. पार खाली. सहा वर्षांच्या पोरीच्या डोळ्यासमोर येईल एवढं.

पुसलं. रविवारी पुन्हा. पुसलं. सोमवारी पुन्हा.

सोमवारी दामिनी दारापाशी उभी राहून चपला घालत होती.

"कोठी चालली?"

"बोलावलं हाये ना."

रागिणीनं तिले आत ओढलं, दाराले आतून कुलूप लावलं आणि त्यालेच पाठ लावून बसली. तशीच सासूकडं पाहत राहिली.

दुर्गा उठली. पेटीतलं हिरवं लुगडं काढलं. नेसली. कपाळाले कुंकू लावलं.

"बोलावणं घराले असते," ती म्हणाली. "पोट्टीले एकटीले कोण बोलावते? घरातली मोठी मी हावो. मी जातो."

"तुमी कावून, आई? दाराले बोट मी लावलं."

"अन् तोंड कोणी उघडलं होतं?"

बास. एवढंच बोलल्या दोघी. पण सांगते तुमाले, चौदा वर्षांत एवढं एकमेकींशी बोलल्या नव्हत्या.

मंगळवारी योगेश पोरीपाशी घरी थांबला. ह्या दोघी एसटीनं गेल्या, पुढं ऑटोनं. गोवर्धन गुरुजींनी यायचं कारण विचारलं नाही. त्या खोलीची चावीच पुढं केली. चौकटीवरची रागिणीची बोटं पाहिली होती त्यायनं. एवढंच म्हणाले, "मी ते पुसायचा प्रयत्न केला होता. निघत नाही."

दुर्गानं रागिणीले खोलीच्या बाहेर उभं केलं. "काही झालं तरी आत येऊ नको. तुह्यामागं पोरगी हाये."

आणि आत जाऊन खोलीचं दार लोटून घेतलं.

रागिणी बाहेर उभी. दुपारचे तीन. टिनावर ऊन पडून ते तडतड वाजत होतं.

आधी काहीच नाही.

मग साखळीचा आवाज. खळ्ळ. कुलूप नसल्यासारखी साखळी पडली.

फळी करकरली.

मग दुर्गाचा आवाज. हळू. "बसतो नं जराशी... नाई नाई, पाणी नको..."

आणि मग... दुसरा आवाज.

बाईचा. पण घागरीत तोंड घालून बोलावं तसा. शब्द काही समजत नव्हते. दुर्गा मात्र "हाव माय", "हाव माय" करत होती. मधातच दुर्गा रडली. मग, माझ्या गळ्याची आण, दोघी हसल्या.

रागिणीनं भिंत धरून ठेवली होती.

बऱ्याच वेळानं दुर्गा उठल्याचं समजलं. पाटल्या वाजल्या. आणि मग रागिणीनं ते ऐकलं.

साठ वर्षांची सवय हो. कोणाच्याही घरून निघताना तोंडातून निघते ते. न सांगता निघते.

दुर्गा म्हणाली, "येतो बरं. या आता तुमी आमच्याकडं."

दार उघडलं. दुर्गा बाहेर आली. कपाळावर काळपट कुंकू. हिरव्या लुगड्याचा काठ घोट्यापर्यंत भिजलेला, आणि त्याले गाळ.

मागं ते दार उभं होतं. साखळीले कुलूप. तसंच्या तसं.

रागिणीनं विचारलं, "आई... तुमी काय म्हणाल्या निघताना?"

"काय म्हणाली?" दुर्गानं तिच्याकडं पाहिलं. मग हळूहळू तिच्याही ध्यानात आलं. तोंडावर पदर घेऊन ती तिथंच खाली बसली.

त्या दिवसापासून दारावरची बोटं बंद झाली. साखळीही वाजली नाही. दामिनी हसती-खेळती झाली, त्या बाईचं नावही काढत नाही. दुर्गानं आतलं काय ते कोणाले सांगितलं नाही. मी सख्खी बहीण, मलेही नाही. मी दहा प्रकारानं विचारून पाहिलं. मी गोष्टी काढून घेण्यात कमी नाही, पण ती नुसती माझ्याकडं पाहते. म्हणते, "तू रंगवून सांगशीन. ते रंगवासारखं नाही."

घरात मात्र सात हा शब्द पुन्हा कोणी काढला नाही.

आता तुम्ही म्हणसान, संपलं मग. बरं झालं.

मी हे लिहून राहिली ते दुर्गाच्याच घरून. संक्रांत होऊन तीन दिवस झाले. यंदाही हळदीकुंकू आहे. वाणं आणून ठेवली. त्यातलं एक दुर्गानं बाजूले काढलं, स्वयंपाकघराच्या फळीवर, एकटंच. मी विचारलं, हे कोणासाठी?

म्हणाली, "बोलावलं हाये ना."

काल दुपारी सगळे झोपले होते. मले काही झोप येत नाही दुपारची. तीन वाजले असतील. मी हॉलमध्ये तीळ निवडत बसली होती. अन्...

खळ्ळ.

मी कोणाले उठवलं नाही. म्हटलं, म्हातारीचे कान आहेत. जाऊन दार उघडलं.

बाहेर कोणी नव्हतं. पायरी ओली होती.

आणि चौकटीले दोन बोटं. ओलीच होती अजून.

मी पदरानं पुसून टाकली. पुसायच्या आधी नीट पाहून घेतलं. रागिणीनं मागच्या वर्षीची जागा मले दाखवली होती. तिथं पुसून पुसून रंग उडालेला आहे.

हे त्या जागी नव्हतं. चार बोटं वर होतं.

संध्याकाळी मी दामिनीले चौकटीपाशी उभी केली. सहज, खेळ म्हणून. डोक्यावर पाटी ठेवली आणि पेन्सिलीनं रेघ मारली. मागच्या जानेवारीतली तिची रेघ तिथंच आहे, योगेशनं मारलेली.

पोरगी वर्षात बरोबर चार बोटं वाढली.

मी अजून कोणाले सांगितलं नाही. हळदीकुंकू परवा आहे.